चंद्रीच्या पोटातला दोरा

"सूत कसं गुंडाळायचं हे ज्याला कळलं, त्याला जग कळलं!"

शिवशरणअप्पा हुक्केरी यांनी ही घोषणा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी, स्वतःच्या घराच्या व्हरांड्यात, उजवा हात वर करून केली. डावा हात वर करणं शक्य नव्हतं, कारण त्या हातानं त्यांनी लेंगा धरून ठेवला होता. लेंग्याची नाडी एका बाजूनं नेफ्यात गडप झाली होती आणि मल्लव्वाकाकू पिन घालून तिचा माग काढत होत्या.

"हलू नका हो! आत्ता सापडली होती, परत आत पळाली."

अप्पांचं उभं आयुष्य सूतगिरणीत गेलं. सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले, पण डोळा काही निवृत्त झाला नाही. वाण्यानं पुडीला दोरा गुंडाळला तरी अप्पा थांबून बघत, "ताण कमी पडला" असा शेरा मारत आणि मगच साखर घेत. अशा माणसाच्या हाती देवानं गवत कापायचं मशीन द्यावं, ही देवाचीच चूक म्हणायची.

दोन हजार चार सालची गोष्ट. गडमुडशिंगीच्या रस्त्याला अप्पांची कॉलनी. कॉलनीच्या मधोमध एक मोकळा प्लॉट, आणि त्यावर कमरेएवढं गवत. आषाढात त्यात पोस्टमनची सायकल हरवली होती, ती दसऱ्याला सापडली! लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पाडवा, आणि कोल्हापूरच्या रिवाजाप्रमाणे याच प्लॉटवर म्हशी पळायच्या होत्या. कॉलनीच्या मीटिंगमध्ये "प्लॉट कोण साफ करणार?" असा प्रश्न निघाला तेव्हा सगळे माना खाली घालून बसले. एकटे अप्पा उठून उभे राहिले. खरं तर ते चपला शोधायला उठले होते. पण एकदा टाळ्या पडल्यावर माणूस काय करणार!

मशीन आणलं रफिक मुल्लाणीनं. रफिकचं कॉलनीच्या तोंडाशी फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. कुठल्याशा शेती प्रदर्शनातनं हा ऐवज त्यानं उचलला होता.

"अप्पा, फॉरेन आयटम हाय!" रफिक म्हणाला. "वर इंजिन, मधी नळी, खाली ही डबी. डबीत नायलॉनचा दोरा. त्याची दोन टोकं भाईर, मिशीगत. इंजिन फिरलं की मिशी गरागरा फिरती, गवत सपाट! दोरा झिजला की चालू मशीनची डबी जमिनीवर ठोकायची. आतला दोरा आपसूक भाईर येतोय."

"पातं नाही? नुसता दोरा?"

"नुसता दोरा!"

अप्पांचा ऊर भरून आला. शेवटी जगाला सुताची किंमत कळली होती!

दोऱ्याचं वेटोळं वेगळं होतं, गवतासारखं हिरवंगार. ते डबीतल्या रिळावर भरायचं होतं. रिळावर एक बाण काढलेला होता.

"हा बाण कशाचा रे?"

"त्यो व्हय? कंपनीचा मार्का आसंल. बाण छाप!" रफिकनं ठणकावून सांगितलं. मशीन त्यानंही पहिल्यांदाच बघितलं होतं. पण गिऱ्हाईकाला "ठाऊक न्हाय" म्हणायची पद्धत त्याच्या धंद्यात नव्हती.

अप्पांनी बाणाकडे दुर्लक्ष केलं आणि गिरणीच्या शिस्तीत दोरा भरला. उजव्या हातानं, अंगाकडे ओढत, थरावर थर, ताण असा की बोटानं टिचकी मारली तर तंबोऱ्यासारखा आवाज यावा! बाणाच्या बरोबर उलट दिशेनं. शेवटी गिरणीच्याच सवयीनं दोन्ही टोकं जाळून काळी केली.

"देवापुढची उदबत्ती होती ती!" काकू ओरडल्या.

"टोक सुटलं की सूत गेलं, मल्लव्वा. देवालाही ते पटेल."

डबीच्या मागं प्लॅस्टिकचा एक पंख्यासारखा आडोसा होता, त्याला बारकं पातं. दोरा फार लांब झाला तर त्या पात्यावर घासून जादा तुकडा आपोआप उडावा, अशी ती सोय. अप्पांनी ती सोय पान्यानं खोलून बाजूला ठेवली. "काम चालू असताना सूत डोळ्यांसमोर पाहिजे. झाकून ठेवायला ते काय बेसनाचे लाडू आहेत?"

पट्टा खांद्यात अडकवून अप्पांनी इंजिनाची दोरी ओढली. पहिल्यांदा मशीन शिंकलं. दुसऱ्यांदा खोकलं. तिसऱ्यांदा असं काही फटफटलं की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं थेट शिरोळच्या दिशेनं गेली!

आणि मोकाट सुटलेल्या लांबच लांब मिशीनं पहिला हात मारला तो कुंपणाजवळच्या झेंडूवर. संध्याकाळच्या पूजेसाठी काकूंनी राखलेली सगळी फुलं हवेत उडाली आणि अप्पांच्या अंगावर पडली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, अप्पांचा कुठंतरी सत्कार चालू आहे.

"अय्यय्यो! लक्ष्मीला आता काय वाहू? तुमची डबी?"

अप्पा घाईघाईनं प्लॉटच्या मध्यभागी गेले. तिथं दुसरं संकट येत होतं. चार पायांनी.

चंद्री ही झुंबरबाई गवळी यांची म्हैस. झुंबरबाईंचा नवरा गेला तेव्हा चंद्री म्हणजे आईवेगळं रेडकू होतं. बाईंनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. आता सगळ्या कॉलनीचा चहा तिच्या जिवावर चालायचा. अप्पांचाही. पाडव्याला ती रफिकच्या मोटारसायकलमागं पळायची. म्हणजे रफिकनं सायलेन्सर काढून गाडी फटफटवत पुढं जायचं आणि चंद्रीनं शेपूट उभारून त्या आवाजामागं सुटायचं. कोल्हापुरात म्हैस मालकाच्या तोंडाकडं बघून पळत नाही, गाडीच्या आवाजावर पळते. गेल्या साली ती ऐन मैदानात थांबली आणि प्रमुख पाहुण्यांच्या गळ्यातला हार खात बसली. तेव्हापासून झुंबरबाई चार बायकांत वर मान करून बोलल्या नव्हत्या. "यंदा पळाली न्हाय, तर पुना पाडव्याला गोठ्याचं दार उघडायची न्हाय मी," असं त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकवून ठेवलं होतं.

तर चंद्रीनं अप्पांच्या मशीनचा आवाज ऐकला. तिला वाटलं, रफिक आला! तिनं खुंटा उपटला आणि निघाली.

अप्पांनी मागं वळून बघितलं तेव्हा तेल लावलेला काळाभोर डोंगर शिंगं हलवत त्यांच्याकडे येत होता. अप्पा पळाले. मशीन बंद करायचं त्यांना सुचलं नाही. उलट भीतीनं मूठ आणखी आवळली गेली, तसं मशीन आणखी फटफटलं, तशी चंद्री आणखी जोरात आली!

"झुंबरबाई! म्हैस! म्हैस!"

"म्हैसच हाय ती! खाती व्हय तुमाला?" झुंबरबाई गोठ्यातनं ओरडल्या. "पळू द्या वाईच, उद्याची तालीम हुती!"

प्लॉटला फेरा मारून अप्पा अखेर धापा टाकत उभे राहिले. चंद्रीही उभी राहिली. तिनं अप्पांना हुंगलं, रफिक नाही हे ओळखलं, पण त्यांनी सपाट केलेलं ताजं हिरवं गवत बघून तिनं मोठ्या मनानं क्षमा केली आणि तोंड खाली घातलं.

अप्पांना धीर आला. ते पुन्हा कामाला लागले. थोड्या वेळानं गवत नीट कापेना. अप्पांनी डबी जमिनीवर ठोकली. ठक! गवत आणखी कमी कापलं. "झिजतोय जास्त," अप्पा स्वतःशी म्हणाले. ठक, ठक! आता गवत नुसतं डोलायला लागलं, जणू अप्पा त्याला वारा घालत होते. अप्पा चिडले. गिरणीत ऐकत नसलेल्या मशीनला जशी देत तशीच त्यांनी डबीला दणकून दिली. ठक! ठक! ठक्!

मशीन बंद करून त्यांनी डबी उलटी केली.

मिशी नव्हती! एक टोक नव्हतं आणि दुसरंही नव्हतं. डबीची भोकं नुसती आ वासून बघत होती.

म्हणजे दोरा तुटला! पडला कुठं? अप्पा गुडघ्यांवर बसले. हिरव्या गवतात हिरवा दोरा! त्यांनी मूठमूठ गवत पिंजलं. काही नाही. मान वर केली तर समोर चंद्री रवंथ करत उभी होती. तिच्या ओठांतनं काहीतरी लोंबत होतं. हिरवं. बारीक. गोल. वीतभर लांब.

"चंद्रे... नको..." अप्पा हळूच म्हणाले.

चंद्रीनं त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून ते सुर्रकन आत ओढून घेतलं.

अप्पा घरी आले ते पिठाच्या गिरणीतनं आल्यासारखे, पांढरेफटक.

"एन आतु? काय झालं?" काकूंनी विचारलं.

"मल्लव्वा, म्हशीनं नायलॉन खाल्लं तर काय होतं गं?"

काकूंच्या हातातली चकली कढईत उलटी पडली. "कुठल्या म्हशीनं? शिवा शिवा! चंद्रीनं? अहो, आतड्यात गुंता झाला की जनावर संपलं! आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा तिला."

"सांगतो."

"कधी?"

"योग्य वेळी. आधी जरा परिस्थितीचा अंदाज घेतो."

दुपारी अप्पा छत्री घेऊन झुंबरबाईंच्या गोठ्यात हजर झाले. बाई चंद्रीची शिंगं रंगवत होत्या. एक शिंग भगवं झालं होतं.

"काय अप्पा? आज आमच्याकडं पावणं?"

"सहज! चंद्री काय म्हणते?"

"म्हशीगत म्हणती. काय म्हणायची?"

"नाही, म्हणजे पोट वगैरे साफ?"

झुंबरबाईंचा ब्रश थांबला. "का वं?"

"असंच. सणासुदीचं." अप्पा उकिरड्याच्या कडेला बसले. ते उठेनात. चंद्रीनं शेपूट हलवलं की अप्पा दचकत, तिनं सुस्कारा सोडला की अप्पाही सोडत. तेवढ्यात चंद्रीनं शेण टाकलं. अप्पा लगबगीनं उठले आणि छत्रीच्या टोकानं ते तपासायला लागले. उजवीकडनं, डावीकडनं, थरावर थर. गिरणीत कापसाची गाठ तपासतात तसं!

बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"अप्पा, काय हुडकालायसा?"

"काही नाही. रंग चांगला आहे."

आता झुंबरबाईंना दुसरीच शंका आली. पाडव्याच्या आदल्या दिवशी शहाणासुरता माणूस म्हशीसमोर बसून टक लावून बघतो, तिच्या शेणाची तारीफ करतो! नक्की दुसऱ्या गल्लीवाल्यांनी फितवलाय, चंद्रीला नजर लावायला धाडलाय! त्या तडक आत गेल्या, मूठभर मिरच्या, मोहरी नि मीठ घेऊन आल्या, चंद्रीवरनं उतरलं आणि निखाऱ्यावर टाकलं. हे करताना चंद्रीकडं कमी आणि अप्पांकडं जास्त बघितलं.

धुराचा लोट उठला. ठसका आला असता तर नजर लागलेली नाही असं समजायचं. पण अप्पांना वाटलं, आपण खोकलो तर चंद्री बुजेल, बुजली की आतला दोरा सरकेल! त्यांनी नाक दाबलं, श्वास रोखला, डोळ्यांतनं धारा लागल्या, चेहरा वांग्यासारखा झाला, पण हूं की चूं केलं नाही.

"मिरच्या जळाल्या आन् ठसका न्हाय!" झुंबरबाई कडाडल्या. "लागलीया नजर! आन् तीबी लई जवळनं!"

अप्पा तोंड उघडणार, म्हणजे कबूल करायलाच उघडणार होते, इतक्यात रफिक मोटारसायकल घेऊन आला. सायलेन्सर काढलेला. शेवटची तालीम.

"चल गं चंद्रे, चल चल चल!" रफिकनं गाडी फटफटवली.

चंद्री बसलेली होती. ती बसूनच राहिली.

रफिकनं गाडी आणखी रेटली. पत्रे थरथरले, कोंबड्या खुराड्यात गेल्या. चंद्रीनं एक कान हलवला आणि डोळे मिटून घेतले.

"ऊठ की गं," झुंबरबाई म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "चंद्रे? का उठंना झालीया ही? सकाळच्याला तर खुंटा उपटून पळाली हुती..."

अप्पांना राहवेना.

"झुंबरबाई, नजर नाही लागलेली. माझ्या मशीनचा दोरा तुटला. तो गवतात पडला. आणि तो... तो हिनं खाल्ला. मी बघितलं."

गाडी बंद पडली. रफिकनं बंद केली की आपोआप पडली, देव जाणे.

बाईंनी आरडाओरडा केला असता तर अप्पांना बरं वाटलं असतं. पण त्यांनी रंगाचा डबा खाली ठेवला, चंद्रीशेजारी मातीत बसल्या आणि तिच्या मानेवर डोकं टेकलं.

"रेडकू हुतीस तवा मातीबी खायचीस," त्या तिला म्हणाल्या. "पचायची तुला. हेबी पचीव की गं."

अप्पांनी तोंड फिरवलं. मिरचीचा धूर केव्हाच विरला होता, तरी डोळे काही थांबेनात.

रफिकनं खिशातनं नवा कोरा मोबाईल काढला आणि जनावरांच्या डॉक्टरला लावला. डॉक्टर दिवाळीला सासरवाडीला, गारगोटीला. मागं फटाके वाजत होते.

"व्हय सायेब... नायलॉनचा... म्हैस उठंना... किती? किती गेलाय?" रफिकनं फोनवर हात ठेवला. "अप्पा, दोरा किती गेलाय पोटात, विचारत्यात. डबी उघडून शिल्लक बघूया."

"डबी उघडायचं कारण नाही. माझ्या हातचं गुंडाळलेलं कधी आतनं..."

"अप्पा!" झुंबरबाईंनी मान वर केली. "उघडा!"

एवढा मोठा हुकूम अप्पांना गिरणीत मॅनेजरनंही दिला नव्हता. ते पळत गेले, मशीन घेऊन आले. रफिकनं फोन खांद्यात धरून डबीचं झाकण फिरवलं. आतनं रीळ निघालं. हिरवागार, टम्म, घट्ट गोळा. रफिकनं नखानं एक पदर सोडवला, ओढला. टोक निघालं. काळं. जळालेलं.

"दुसरं बघ," अप्पा कसेबसे म्हणाले.

दुसरं निघालं. तेही काळं. उदबत्तीनं जाळलेलं.

दोरा तुटलाच नव्हता! उलटा गुंडाळल्यामुळं अप्पांनी डबी ठोकली की तो बाहेर यायच्याऐवजी आत जायचा. ठोक्यामागं ठोका, अप्पा त्याला आत ढकलत गेले होते, आणि शेवटी त्यानं दोन्ही टोकं पोटात घेऊन दार लावून घेतलं होतं.

"मग म्हशीनं खाल्लं ते काय?" रफिकनं विचारलं.

"गवत असेल," अप्पा खालच्या आवाजात म्हणाले. "गवतात होती ना."

"बाणाकडं बगा म्हणून मी म्हणालोच हुतो," रफिक म्हणाला, आणि फोनवर, "काय न्हाय सायेब, हॅप्पी दिवाळी!"

पण झुंबरबाई हसल्या नाहीत. "दोरा न्हाय गिळला, तर उठंना का झालीया ती?"

चंद्री तशीच बसून होती, पोट डबीतल्या गोळ्यासारखंच टम्म. रफिकनं पुन्हा गाडी फटफटवली. चंद्रीनं मान दुसरीकडं वळवली. दिवेलागण झाली. कॉलनीत पणत्या लागायला लागल्या. झुंबरबाईंच्या दारात पणती नव्हती. उद्याचा पाडवा त्यांच्यापुरता संपला होता.

रफिकला हात मोकळे ठेवायची सवय नाही. मशीन पुढ्यात होतंच. इंजिन तरी धड आहे का बघावं म्हणून त्यानं सहज दोरी ओढली. रिकाम्या डबीचं मशीन फटफटायला लागलं.

चंद्रीचे दोन्ही कान ताठ झाले.

तिनं डोळे उघडले. पुढचे गुडघे टेकले. मागचा भार उचलला. आणि एक शिंग भगवं, एक काळं अशी ती उभी राहिली, शेपूट उभारलं, रफिकच्या मोटारसायकलला वळसा घातला आणि थेट मशीनपाशी येऊन थांबली. कुठं आहे गवत?

"हिच्या... हिला नाद लागला की!" रफिक ओरडला. त्यानं मशीन अप्पांच्या हातात दिलं आणि धावत जाऊन गाडी चालू केली. इकडं गाडी, तिकडं मशीन. चंद्रीनं गाडीकडं बघितलंही नाही. अप्पा पाऊल मागं सरले, ती पाऊल पुढं आली. अप्पा चार पावलं पळाले, ती पळाली. अप्पांनी मशीन बंद केलं, ती थांबली आणि त्यांच्या सदऱ्याची कड चघळायला लागली.

झुंबरबाईंनी पदरानं तोंड पुसलं, पुढं आल्या आणि दिवसभरात पहिल्यांदा अप्पांशी गोड आवाजात बोलल्या.

"अप्पा, उद्या तेवढं मशीन घिऊन चंद्रीच्या फुडं पळा की."

"मी?" अप्पांनी सदरा सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. "झुंबरबाई, मी गिरणीत सुपरवायझर होतो. सगळं कोल्हापूर बघायला येणार उद्या!"

"म्हणूनच म्हणतीया, नीट पळा. आन् अप्पा..."

"आणखी काय?"

"त्यात दोरा तेवढा घालू नगा."